माईंचा अर्धा पेला

माईंनी निफाडला जाऊन दारू घेतली, ही बातमी माई रायपूर स्टेशनावर उतरायच्या आधीच आमच्या चौबे कॉलनीत पोचली होती. कोणी पोचवली ते मी सांगणार नाही. ती आमच्या भिशीत आहे, आणि माझी भिशी अजून लागायची आहे.

सकाळची कामं आटोपून मी कंपाउंडच्या भिंतीशी गेले. पलीकडे कढीपत्त्याच्या सावलीत माई खुर्ची टाकून मेथी निवडत होत्या.

"काय म्हणतं निफाड?"

"बारसं झालं छान. पोरगी गोरीगोमटी आहे, नाक तेवढं सासरच्यांचं आलं."

"आणि?"

"आणि काय! जे विचारायला आलीस ते सरळ विचार ना, मंजू."

"घेतलीत म्हणे."

"घेतली," माई देठ खुडत म्हणाल्या. "अर्धा पेला. पांढरी. शार्डोने म्हणतात तिला. आणि सांग तुझ्या त्या मैत्रिणीला, दारू नव्हती, वाईन होती. जावई म्हणाले दोन्हींत फरक आहे. मला काही तो कळला नाही, पण जावयाच्या दारात वाद कोण घालणार?"

"फरक आहेच," ओसरीवरून पेपरच्या आडून काका बोलले. काका म्हणजे माईंचे यजमान, इथल्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले. जन्म धानाच्या वाणांत गेला, पण बोलायला कुठलंही पीक चालतं. "दारू गाळतात. वाईन नुसती आंबवतात. द्राक्षाचा रस, त्यातली साखर खमीर खातं, झालं. आपल्याकडची मोहाची ती गाळीव. फुलं आंबवायची, हंडी चुलीवर, वाफ थंड करून थेंबथेंब धरायची."

"आणि ती मोहाची काढायची सूट आहे ना इथं?"

"आदिवासी घरांना आहे, घरच्या वापरापुरती."

"घ्या! बस्तरातल्या बाईनं घरी काढली तर सरकारची हरकत नाही, आणि मी चौऱ्याहत्तराव्या वर्षी अर्धा पेला घेतला तर कॉलनीभर बोभाटा."

यावर मी काय बोलणार? मेथीची एक जुडी भिंतीवरून माझ्याकडे ओढून घेतली. हात चालू असले की माईंचं तोंड जास्त मोकळं होतं, हा माझा जुना अनुभव.

माईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी निफाड तालुक्यात दिली आहे. लग्न ठरलं तेव्हा इथं सगळ्यांनी विचारलं होतं, एवढ्या लांब कशाला? मुलगा शेती करतो म्हटल्यावर तर तोंडंच वाकडी झाली. आता तीच मंडळी तिच्या बंगल्याचे फोटो बघतात. थॉम्सन द्राक्षांची बाग आहे, माल परदेशी जातो. शिवाय थोडी वाईनची द्राक्षं. आणि कांदा, कारण निफाड तालुक्यात राहून कांदा लावला नाही तर लासलगाव रुसेल.

"थंडी काय सांगू तुला," माई म्हणाल्या. "मला वाटलं महाराष्ट्रात चाललोय, एक शाल पुरे. सकाळी तोंडातून वाफ. बादलीत हात घालवेना."

"अगं, निफाडच ते!" काकांनी पेपर खाली ठेवला. आता गेल्या त्यांच्या बातम्या. "दर हिवाळ्यात पेपरात येत नाही का, निफाडचा पारा अमुक अंशावर? तो पारा मोजतात कुठे? कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर. थंडी चांगली पडली की चार-पाच अंश, कधी त्याच्याही खाली."

"तेच तर सांगून राहिले मी. ती वाईन त्याच कुंदेवाडीची. रेव्हिलो नाव. पाटलांची आहे. पिढ्यान्‌पिढ्या द्राक्षवाले, मग वाईनमध्ये पडले. सल्ल्याला इटलीचा माणूस आणला. त्यामुळे शार्डोनेच्या जोडीला सिसिलीकडच्या दोन जातीसुद्धा लावल्यात, एक पांढरी नि एक काळी. नावं मला सांगितली होती, मी पाळण्याच्या नावात विसरले."

"ग्रिलो आणि नेरो दाव्होला," काका म्हणाले. माईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ही नावं ठाऊक आहेत आणि काल आणायचं सांगितलेलं जिरं आठवत नाही.

मी विचारलं, थंडीचा आणि वाईनचा काय संबंध? माझा समज असा की द्राक्षाला ऊन लागतं.

काका सरळ भिंतीशीच आले. म्हणाले, ऊन गोडीला लागतं. आंबटपणा टिकवायला मात्र रात्र गार हवी. वेल रात्रीसुद्धा श्वास घेतो आणि त्या श्वासात फळातलं आम्ल खर्च होत जातं. रात्र उबदार असली की खर्च जास्त. मग फळ गोडमिट्ट होतं, पण वाईन मिळमिळीत. शार्डोनेची अडचण हीच आहे, उष्ण ठिकाणी ती झटकन पिकते आणि आंबटपणा टाकून देते. नाशिककडे पांढऱ्या वाईनला बहुतेक शेनिन ब्लां नाहीतर सोव्हिन्यों ब्लां लावतात, त्या जाती जास्त सोसतात आणि झाडाला माल जास्त देतात. शार्डोनेचा घड छोटा, मणी छोटे, साल पातळ. तिला लावणारा एकतर हौशी, नाहीतर हट्टी.

"पाटील काय आहेत?"

"मी काय कुंडली बघायला गेले होते?" माई म्हणाल्या. "पण माझे व्याही म्हणाले, द्राक्षवाला मूळचाच हट्टी असतो, नाहीतर एव्हाना मका लावला असता."

मग काकांनी छाटणीचं सांगितलं, ते मात्र मला नवीन होतं. फ्रान्समध्ये वेल हिवाळाभर झोपतो, वर्षातून एकदा छाटतात, सप्टेंबरच्या आसपास फळ. आपल्याकडे वेलाला झोपच नाही. म्हणून छाटण्या दोन. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती नुसती काडी तयार व्हायला. पावसाळा सरता सरता सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी, तिला गोडी छाटणी म्हणतात, फळ तिच्यातून. म्हणजे घड भरतो नेमका थंडीत, आणि शार्डोने सगळ्यांच्या आधी, जानेवारीअखेर-फेब्रुवारीत हाताशी येते. फ्रान्समध्ये जे काम अक्षांश करतो, ते निफाडला कॅलेंडर हलवून करून घेतलं.

"पण फार थंडी पडली तरी बोंब," माई म्हणाल्या. "आम्ही होतो तेव्हा एका रात्री बागेत शेकोट्या पेटवल्या होत्या. धूर करायचा, पहाटे ठिबक सुरू करायचं. विहिरीचं पाणी त्या मानानं कोमट असतं ना. नाहीतर मणी तडकतात. बिचारा जावई रात्रभर जागा, आणि सकाळी बारशाला पेंगतोय. बायका म्हणतात, बाप झाल्याचं जागरण!"

"फ्रान्सलाही हेच," काका म्हणाले. "शाब्ली म्हणून गाव आहे, निव्वळ शार्डोनेचं. 2021 च्या एप्रिलमध्ये कोंब फुटले आणि हिव पडलं. रात्रीच्या रात्री वेलींच्या रांगांतून मेणाचे डबे पेटवून ठेवले होते. तरी पुष्कळ गेलं."

ते डोंगरभर दिवाळी लागल्यासारखं दिसलं असेल, असं मी म्हणणार होते, पण ज्याचं पीक आत होतं त्याला विचारायला हवं.

आता खरी गंमत. काकांना वनस्पतींची वंशावळ लागते आणि माईंना माणसांची, तेव्हा ही माहिती दोघांच्याही कामाची होती. शार्डोनेच्या आईबापांचा पत्ता शतकानुशतकं कुणाला नव्हता. 1999 साली अमेरिकेच्या डेव्हिस विद्यापीठातल्या आणि फ्रान्सच्या माँपेलिएच्या शास्त्रज्ञांनी डीएनए काढून सांगितलं की बाजू दोन. एक पिनो, बर्गंडीचं खानदानी घराणं, मठातल्या साधूंनी जपलेलं. दुसरी ग्वे ब्लां, म्हणजे गोरगरिबांच्या वावरातली, भरमसाठ पिकणारी, चवीला बेताची. लोक तिला इतकं खालचं समजत की काही ठिकाणी तिची लावण बंद करायचे हुकूम निघाले होते. पुढे असंही दिसलं की शार्डोनेची आई ही ग्वेच.

माईंनी मेथी ठेवली. "म्हणजे बाप वाड्यातला आणि आई गड्याच्या घरची?"

"तसंच."

"आणि एवढी वर्षं खानदानी म्हणून मिरवली!"

"भावंडंसुद्धा आहेत. गामे, अलिगोते. तीही त्याच जोडीची."

"सगळ्यांना माहीत असणार गं," माई मला म्हणाल्या. "गावात अशा गोष्टी माहीत असतातच. कुणी बोलत नव्हतं, एवढंच. आता रक्ताची तपासणी झाली म्हणून छापून आलं."

त्यावर त्यांनी जे म्हटलं ते मला काकांच्या सगळ्या शास्त्रापेक्षा जास्त पटलं. म्हणाल्या, ही द्राक्षं म्हणजे जुन्या काळची सून. माहेरचं असं काही आणत नाही, जिथं दिली तिथलीच होते. माझा हिरमुसला चेहरा बघून लगेच पुढे, "तुझ्यासारखी नव्हे, तू अजून नागपूरची ती नागपूरचीच." पण मुद्दा खरा आहे. शार्डोनेला स्वतःचा असा डोक्यात जाणारा वास फारसा नसतो. जमीन, थंडी आणि करणाऱ्याचा हात, यांचंच सगळं उमटतं. शाब्लीच्या चुनखडीवरची चुरचुरीत निघते, लिंबासारखी. कॅलिफोर्नियाच्या उन्हातली अननस-आंब्याकडे झुकते. आणि लाकडी पिंपात ठेवली तर व्हॅनिला, भाजके बदाम असलं काय काय येतं.

"लोणी," माई म्हणाल्या.

"काय?"

"लोण्याचा वास. पेला नाकाशी नेला आणि मला वाटलं, बाई, यांनी पेला नीट घासला नाही. कालचं लोणी कढवलेलं दिसतंय. बोलायची चोरी! पदरानं हळूच कड पुसली. तरी वास तोच."

काका इतके हसले की त्यांना खोकला आला. मग सांगितलं, तो दोष नव्हे, मुद्दाम आणतात. कच्च्या फळात मॅलिक आम्ल असतं, हिरव्या सफरचंदात असतं तसलं, कडक आंबट. वाईन आंबून झाली की तिच्यात जिवाणू कामाला लावतात, ते या आम्लाचं लॅक्टिक करून टाकतात. दह्यातलं तेच हे. आंबटपणा मऊ होतो आणि जाता जाता डायअॅसेटिल नावाचा पदार्थ तयार होतो. लोण्याला लोण्याचा वास येतो तोही त्याच्यामुळेच. तेव्हा माईंच्या नाकानं अचूक सांगितलं होतं, फक्त आळ पेला घासणारीवर आला.

"ती पिंपातली होती," माई म्हणाल्या, "रिझर्व म्हणतात. जावयानं खास उघडली. कमी निघते म्हणाले."

कमी म्हणजे किती, हा हिशेब मी तिथंच करायला लावला. फ्रेंच ओकचं नेहमीचं पिंप सव्वादोनशे लिटरचं. बाटली पाऊण लिटरची. म्हणजे एका पिंपात तीनशे बाटल्या. आपल्याकडच्या एका बऱ्यापैकी लग्नात तीनशे माणूस तर नुसतं मुलाकडून येतं! आणि ते पिंप युरोपातून आणायचं. नवं असलं तर आठशे-हजार युरोच्या घरात जातं आणि दोन-तीन वर्षांत त्यातली चव उतरते.

त्याआधी शेतातला हिशेब वेगळाच. माईंच्या व्याह्यांनी त्यांना बागेत फिरवून तो सांगितला होता आणि माईंनी नीट लक्षात ठेवला होता. खायची द्राक्षं मोठी व्हावीत म्हणून घड संजीवकाच्या द्रावणात बुडवतात, मणी विरळ करतात, कागद लावतात. वाईनच्या द्राक्षाला यातलं काही नाही. बारकं, बियांचं, पण गोडीला खाण्याच्या द्राक्षापेक्षा जास्त. गोडी ब्रिक्समध्ये मोजतात. थॉम्सन सतरा-अठरा ब्रिक्सला उतरवतात, वाईनची बावीस-तेवीसपर्यंत थांबवतात. माईंनी एक मणी तोडून खाल्ला, म्हणाल्या मधासारखा गोड आणि तोंडभर बिया. मग पहाटे अंधारात डोक्याला बॅटरी लावून काढणी, कारण ऊन लागलं की रस तापतो.

"आणि घड मुद्दाम कमी ठेवायचे," माई म्हणाल्या. "चांगले लागलेले घड कापून खाली टाकायचे, म्हणजे उरलेल्यांत जोर येतो. व्याही म्हणाले, पहिल्या वर्षी माझ्या हातानं ते होईना. बापानं आयुष्यभर शिकवलं घड वाढव, आणि आता वाईन कारखान्याचा सुटाबुटातला पोरगा येऊन म्हणतो काप."

"मग परवडतं का त्यांना?"

माईंनी आवाज खाली आणला. भिंतीपलीकडून आवाज खाली आला की समजायचं, पैशांचं आहे. 2009-10 च्या सुमाराला या धंद्याला मोठा फटका बसला होता. त्याआधी सगळे वाईनच्या मागे. 2001 साली सरकारनं धोरण आणलं, करात सवलती दिल्या, विंचूरला एमआयडीसीनं वाईन पार्क काढलं. (तेच विंचूर, सरदार विंचूरकरांचं. आपल्या रायपूरला भोसले आठवतात तसे तिथं विंचूरकर.) शेतकऱ्यांनी लावण वाढवली, कारखाने वाढले, आणि मग मंदी. माल पडून. व्याह्यांची एका कारखान्याकडे रक्कम अडकली ती अडकलीच. कुठला ते त्यांनी सांगितलं, पण माईंनी मला सांगितलं नाही, आणि माईंनी एखादं नाव गाळणं ही किती दुर्मीळ गोष्ट आहे हे आमच्या कॉलनीला विचारा. गावातल्या कित्येकांनी वाईनच्या वेली उपटून पुन्हा थॉम्सन लावली. व्याह्यांनी थोडी ठेवली. "का ठेवली म्हटलं, तर म्हणे जीव होईना. हट्टी म्हणते ते यालाच."

"बर्गंडीतही लहानच सगळं," काका म्हणाले. "माँत्राशे म्हणून जगातली सगळ्यात नावाजलेली शार्डोनेची जमीन. असेल किती? आठ हेक्टर. वीस एकर धरा. आणि मालक डझनाहून जास्त. नेपोलियनच्या कायद्यानं सगळ्या मुलांना सारखा वाटा, त्यामुळे तुकडे होत होत काहींच्या वाट्याला दोन-चार ओळी."

"भाऊबंदकी!" माईंचा चेहरा खुलला. "तिथंही?"

"तिथंही. बांधावरून भांडणं असतीलच."

"मग बाटली महाग असणार नाही तर काय. सातबाऱ्यावर बारा नावं म्हटल्यावर तलाठ्याचाच खर्च केवढा."

मी म्हटलं, पण फ्रेंच ते फ्रेंच, आपली आपली. तर काकांनी पॅरिसची गोष्ट काढली. 24 मे 1976. स्टीव्हन स्परियर नावाच्या इंग्रज वाईनवाल्यानं पॅरिसमध्ये एक परीक्षा घेतली. नावं झाकून पेले, चाखणारे सगळे फ्रेंच जाणकार. एका बाजूला बर्गंडीच्या भारी भारी शार्डोने, दुसऱ्या बाजूला कॅलिफोर्नियाच्या, ज्यांना तेव्हा कोणी विचारत नव्हतं. पहिली आली शातो माँतेलेना, 1973 ची, कॅलिफोर्नियाची. ती केली होती माइक ग्रगिच या क्रोएशियातून आलेल्या माणसानं. त्यातली बाटली आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. एका परीक्षक बाईंनी तर निकाल कळल्यावर आपले गुणांचे कागद परत मागितले म्हणतात.

"मागणारच," माई म्हणाल्या. "हळदीकुंकवाच्या उखाण्याच्या स्पर्धेत आपल्याकडे काय झालं होतं?"

ते मी इथं लिहीत नाही. भिशी.

"पण ऐक, हा स्परियर शेवटी आला कुठे? अकलूजला!" काकांनी हुकमाचं पान टाकलं. सोलापूर जिल्ह्यात अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची, अशा तीन घरच्या भावांनी मिळून फ्रातेल्ली काढली. इटालियनमध्ये त्याचा अर्थच भाऊ. उसाच्या मुलखात परदेशातून लाखोंनी कलमं आणली. वाईन करायला पिएरो मासी आला, टस्कनीचा. त्यांची शार्डोने आहे, आणि मासी-स्परियर जोडीच्या आद्याक्षरांची एमएस म्हणून जी पांढरी काढली तिच्यातही शार्डोने आहे. 2021 मध्ये स्परियर वारला.

माई बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "भाऊ-भाऊ मिळून धंदा करतात आणि तुकडे होत नाहीत? तिघांच्या बायका समजूतदार असणार."

मला मात्र आपल्या रायपूरची काळजी. इथं का नाही मिळत कुंदेवाडीची? इथं 2017 पासून दारूची किरकोळ विक्री सरकारच्या महामंडळाकडे आहे, दुकानात जे येईल ते घ्यायचं. काका म्हणाले, दुकानाचा प्रश्न नंतरचा. प्रत्येक राज्यात प्रत्येक लेबलाची वेगळी नोंद, तिची वेगळी फी, वर त्या राज्याचा कर. लाखो बाटल्यांवर ती फी चिल्लर. ज्याच्याकडे शार्डोनेची चार पिंपं, त्यानं छत्तीसगडच्या दहा-वीस गिऱ्हाइकांसाठी ती का भरावी? म्हणून छोट्याची वाईन मुंबई-पुण्यापलीकडे फारशी जात नाही. ती वाईट असते म्हणून नव्हे. वेशीवर पैसे मोजून आत यायला ती पुरत नाही.

"मग इथंच लावा," मी म्हटलं. "मैनपाटला. तिथं दंव गोठतं की हिवाळ्यात."

काकांनी खरंच विचार केला. सरगुजाचा तो डोंगर, तिबेटी वस्ती, बटाटा आणि टाऊची, म्हणजे कुट्टूची, शेतं. थंडी आहे, उंची आहे. पाऊस मात्र बेसुमार. भुरी-केवड्याचे रोग सांभाळता सांभाळता माणूस म्हातारा होईल. "मी दहा वर्षांनी लहान असतो तर..." म्हणाले, आणि माईंनी "तर जिरं आणलं असतंत" म्हणून वाक्य पुरं केलं. काका पिशवी घेऊन निघाले.

ते फाटकाबाहेर गेल्यावर मी हळूच विचारलं, "पण आवडली का?"

"पहिला घोट नाही. औषधासारखा. दुसरा जरा बरा. मग जावयानं बाटली बर्फातून काढून टेबलावर ठेवली, तासाभरानं पुन्हा दोन घोट घेतले, तर निराळीच. फार गार असली की म्हणे वास कोंडतो." त्यांनी मेथीची पाटी उचलली. "अर्ध्या पेल्याचा पाऊण झाला असेल. ते तू सांगू नकोस कुणाला."

फेब्रुवारीत माझ्या मावसभावाच्या मुलाचं लग्न आहे नाशिकला. हावडा-मुंबई मेलनं जायचं ठरतंय. हे ऐकून माई पुन्हा बसल्या आणि सूचना सुरू झाल्या. लग्नाला दोन दिवस आधी जा. शार्डोनेची काढणी चालू असली तर पहाटे उठून बघायला जा, स्वेटर ने, शाल पुरत नाही. भाचीला फोन करते, ती नेईल. बाटली आणायच्या भानगडीत पडू नकोस, गाडीत आणि राज्याच्या वेशीवर नसते झेंगट. जे काय घ्यायचं ते तिथंच.

"आणि व्याह्यांना वाईनचं काही विचारू नकोस हं एकदम. पोझ घेतात, फोटोतल्यासारखं बोलतात. आधी विचार, कांद्याला काय भाव मिळाला. मग तासभर ऐकून घे. मग तो माणूस आपणहून बाटली उघडतो."